चिंचेचं पाणी आणि बाबांच्या पुंगळ्या

बाबांनी रायफल विकत आणली तेव्हा आई फारसं काही बोलली नाही. "जीव मारायचा नाही. कागदावर काय गोळ्या घालायच्या त्या घाला," एवढंच म्हणाली आणि पोळ्या लाटायला वळली. बाबांनी ते एका पायावर कबूल केलं, कारण त्यांना साधं झुरळसुद्धा मारवत नसे. ते कागदाच्या कपट्यावर घेऊन बाहेर सोडायचे, मिशिगनच्या थंडीतसुद्धा, आणि आई म्हणायची की तुम्ही त्याला चपलेनं मारलं असतं तर ते सुखानं मेलं असतं. तर रायफल घरात आली, कपाटात कुलुपात बसली, आणि आम्ही तिला विसरलोही असतो. पण तिच्या मागोमाग रिकाम्या पुंगळ्या यायला लागल्या. जुन्या मोज्यांमधून, कॉफीच्या डब्यांमधून, एकदा तर माझ्या जेवणाच्या डब्यातून. तेव्हा मात्र आईच्या तोंडाचा पट्टा सुटला. "लोकांनी फेकलेलं वेचून आणून राहिले! अहो, तुम्ही इंजिनियर होऊन अमेरिकेत आले की भंगारवाले होऊन?"

हा सगळा उद्योग रे नावाच्या आमच्या शेजाऱ्यामुळे सुरू झाला. आम्ही तेव्हा ट्रॉयला राहायचो. बाबा मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये होते, आणि रे तसल्याच एका कारखान्यातून रिटायर होऊन दोन घरं सोडून राहत होता. उंच, लाल मानेचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं एका रविवारी बाबांना रेंजवर नेलं आणि बाबा परत आले ते लहान मुलासारखे. नेमबाजीत त्यांना गंमत वाटली, पण खरे अडकले ते नंतरच्या भानगडीत. गोळी निघून जाते, मागे पितळेची पुंगळी उरते. ती साफ केली, तिच्या बुडाशी असलेली, दारू पेटवणारी वापरलेली टोपी काढून नवी बसवली, मापून दारू भरली, वर नवीन गोळी दाबली, की तीच पुंगळी पुन्हा कामाला लागते. एकदा नव्हे, अनेकदा. मिरजेच्या ज्या घरात बाबा वाढले तिथे फाटक्या धोतराची पिशवी व्हायची आणि पिशवीचं मग पायपुसणं. अशा माणसाला कुणी सांगितलं की ही टाकून द्यायची वस्तू नाही, तर तो काय सोडणार आहे? रेंजवर लोक नुसत्या टाकून जायचे आणि बाबा वाकून वाकून वेचायचे.

पण भरण्याआधी पुंगळी स्वच्छ हवी. आतबाहेर काजळी, मातीत पडून आलेले डाग, बोटांचे काळे ठसे; तशीच वापरली तर गोळी दाबायच्या साच्यात अडकते, साच्याला चरे पाडते, आणि एखादी तडकलेली असेल तर काजळीखाली दिसतही नाही. रेनं बाबांना एक जुनं मशीन दिलं. बादलीसारखं भांडं, खाली मोटर. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा रवाळ भुसा घालायचा, पुंगळ्या टाकायच्या, झाकण लावायचं आणि सोडून द्यायचं. ते दिवसभर थरथरत राहायचं. आमचं गॅरेज स्वयंपाकघराला लागून होतं, त्यामुळे त्या हिवाळ्यात आमच्या घराला कायम एक घरघर होती. शाळेतून आले की आधी ती ऐकू यायची, मग आईच्या फोडणीची चर्र. बाबा कामावरून येऊन कोटही न काढता गॅरेजमध्ये शिरायचे, थंडीमुळे मोठं दार घट्ट बंद, आणि आईच्या कडा फाटलेल्या जुन्या चाळणीनं तो भुसा चाळत बसायचे. धुळीचा लोट उठायचा. बाजूला वाटीत चिवडा. एका हातानं चाळायचं, दुसऱ्या हातानं बकाणा भरायचा. मी जेवायला बोलवायला गेले की ते पिवळीधमक पुंगळी बल्बसमोर धरून म्हणायचे, "मनू, बघ! आतून बघ!" मी तेव्हा हट्टानं घरात इंग्रजीच बोलायची. "इट्स अ ट्यूब, बाबा," म्हणून मी परत यायची. आता वाटतं, दोन मिनिटं बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण पंधराव्या वर्षी बापाच्या हातातलं काहीच बघण्यासारखं नसतं.

पितळेवर आमच्या घरात खरा हक्क आईचा होता. टॉवेल ठेवायच्या कपाटातला मधला कप्पा रिकामा करून तिनं देवघर केलं होतं. दोन समया, घंटा, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, ताम्हण, पंचपात्र आणि पळी, सगळं नागपूरहून साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलेलं. दर शनिवारी सकाळी ती चिंच कोमट पाण्यात भिजवायची, कोळ काढायची, चिमूटभर मीठ टाकायची आणि सिंकपाशी उभी राहून सगळे देव उजळायची. चिंच मिळायची लांबच्या एका देशी किराणा दुकानात. बर्फात तिथवर जाणं म्हणजे मोहीमच, म्हणून चिंचेचा गोळा आईच्या लेखी केशराच्या खालोखाल होता. आमटीला किती, देवांना किती, सगळं ठरलेलं. मला लहानपणापासून त्या वासानं शनिवार कळायचा. पूजा झाली की पंचपात्रातलं तीर्थ प्रत्येकानं ओंजळीत घ्यायचं. मी नाक मुरडून घ्यायची, बाबा घड्याळाकडे बघत घ्यायचे, आई डोळे मिटून घ्यायची.

एका शनिवारी बाबा गॅरेजमधून आपल्या पुंगळ्या घेऊन आत आले आणि आईच्या समयांशेजारी एक धरून बघितली. बस, तिथेच ठिणगी पडली. समई उजवी दिसत होती, हे बाबांनाही नाकारता येईना. "हॅ! तुझी समई जुन्या चांगल्या पितळेची आहे," ते म्हणाले. आई म्हणाली, "पितळ ते पितळ. घासणाऱ्यात फरक असतो." झालं! क्वालिटी कंट्रोलच्या माणसाला हे सहन होणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, एकाच पिशवीतल्या सारख्या मळलेल्या पुंगळ्यांचे चार वाटे झाले, आणि मला परीक्षक नेमण्यात आलं. रेही आला, टोपी हातात धरून, आईनं दिलेला चहा जपून पीत.

पहिला वाटा रेच्या वडिलांच्या पद्धतीचा. व्हिनेगर, मीठ आणि भांड्यांचा साबण. काजळी झटकन निघाली, पण बाबा मधेच फोनवर बोलत बसले आणि पुंगळ्या आंबटात जास्त वेळ राहिल्या. पितळ गुलाबी झालं. "पितळेतलं जस्त खाल्लं त्यानं, तांबं वर आलं," बाबा म्हणाले आणि तो वाटा बाद केला. दुसरा वाटा बाजारातल्या पॉलिशचा. नाकात झोंबणारी बाटली, पण काय चमक! मी त्यालाच पहिला नंबर देणार होते. बाबांनी माझ्या हातातून पुंगळी काढून घेतली. "ह्यात अमोनिया आहे. अमोनियानं पितळ आतून तडकतं आणि वरून पत्ता लागत नाही. बंदुकीत फुटली तर डोळा जाईल." रेनं मान हलवली. तिसरा वाटा मशीनचा. एकसारखा, मंद पिवळा, हाताला गुळगुळीत, फक्त आत बुडाशी भुशाचा कण अडकलेला, तो टाचणीनं काढत बसायचा. आणि चौथा आईचा. तिनं कणीक मळेपर्यंत पुंगळ्या चिंचेत ठेवल्या, बोटांनी चोळल्या, नळाखाली खळखळून धुतल्या, हीटरच्या जाळीवर फडकं पसरून वाळवल्या. रुखवतात मांडाव्यात अशा दिसत होत्या! रेनं एक उचलली, उजेडात फिरवली आणि बाबांना म्हणाला, "युअर वाइफ बीट यू, बडी." आईला तेवढं इंग्रजी बरोब्बर कळलं. बाबांनी शेवटचा दावा करून पाहिला, की दोन आठवड्यांनी चिंचेच्या पुंगळ्या मंदावतील आणि मशीनच्या तशाच राहतील. आणि खरंच तसं झालंही. पण आई म्हणाली, "मग पुन्हा घासा. देव काय एकदा घासले की जन्मभर उजळ राहतात?"

तेव्हापासून शनिवारची एक व्यवस्था लागली. आधी देव, मग त्याच पाण्यात बाबांच्या जास्त डागाळलेल्या पुंगळ्या. देव आधी, ह्यात तडजोड नाही. बाकीच्या पुंगळ्या मशीनमध्ये. बाबा सिंकपाशी आईच्या शेजारी उभे राहायचे, ती चोळायची, हे पुसायचे, आणि दोघं तिकडच्या नातेवाइकांविषयी यथेच्छ बोलायची. इतकी वर्षं आई घरात एकटी आणि बाबा कारखान्यात. त्या हिवाळ्यात मी त्यांना पहिल्यांदा एकत्र काही काम करताना बघितलं. हे सगळं गोडच होतं. फक्त एक झालं. एवढी महागामोलाची चिंच एकदा वापरून ओतून देणं आईच्या जिवावर यायचं. आंबटपणा तर शिल्लक असायचा. म्हणून ती ते उरलेलं पाणी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून सिंकखाली ठेवायची आणि पुढच्या शनिवारी त्यात थोडा ताजा कोळ घालून पुन्हा देवांना वापरायची. म्हणजे देव आधी आणि पुंगळ्या नंतर खरं, पण पुढच्या शनिवारी देव मागच्या पुंगळ्यांच्या पाण्यात. आमच्यापैकी कुणाच्याही हे डोक्यात आलं नाही. काटकसर हा आमच्या घरात गुण होता, त्याच्याकडे संशयानं कोण बघणार?

त्याच सुमारास आईला दिवस गेले. मी पंधरा वर्षांची, आणि आई गरोदर! मला शाळेत तोंड दाखवायची लाज वाटली, आणि मी ते बोलूनही दाखवलं. आई रागावली नाही. माझ्यानंतर एकदा राहिलं होतं आणि पाचव्या महिन्यात गेलं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, तेही आईकडून नाही. बाबांनी मला गाडीत बसवून सांगितलं, गाडी सुरू न करता. त्यानंतर डॉक्टर म्हणाले होते की आता होईल असं वाटत नाही. "तेव्हा तू लाज वगैरे जरा बाजूला ठेव," बाबा म्हणाले. मी ठेवली. आई मात्र कुणाला काही भासवायची नाही, चिंचेच्या गोळ्यातला तुकडा चोरून तोंडात टाकायची आणि तीर्थ आता एक पळी जास्त घ्यायची. एक स्वतःसाठी आणि एक बाळासाठी.

मार्चमध्ये एका रविवारी नाडकर्णीकाका-काकू जेवायला आले. काका लहान मुलांचे डॉक्टर होते, डेट्रॉइटमधल्या एका हॉस्पिटलमध्ये. आईनं भरली वांगी केली होती, आणि बाहेर बर्फ वितळून घाण चिखल झाला होता. काका देवाधर्माचे फारसे नव्हते, पण जेवायच्या आधी कपाटापाशी नमस्कार करायला गेले, आईनं त्यांच्या ओंजळीत पळीभर तीर्थ घातलं, ते प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, देव काय चकाकताहेत! आमच्याकडे सगळे काळेठिक्कर पडलेत. काय लावता?"

आईची कळी खुलली. तिनं चिंच, मीठ, कोमट पाणी, बरणी, सगळं रंगवून सांगितलं, आणि शेवटी कौतुकानं, "ह्यांच्या पुंगळ्यासुद्धा त्यातच निघतात."

काकांचा ओला हात तसाच हवेत राहिला. "कसल्या पुंगळ्या?"

"बंदुकीच्या."

"वापरलेल्या? फुटलेल्या टोपीसकट?" ते बाबांकडे वळले. बाबांनी मान हलवली. काकांनी रुमालानं हात पुसला आणि अगदी हळू, पेशंटच्या आईशी बोलतात तसे बोलले. त्या टोपीत शिशाचा अंश असतो. ती फुटली की पुंगळीच्या काजळीत शिसं बसतं. आंबट पाण्यात ते उतरतं, आणि त्याच पाण्यात घासलेल्या पळी-पंचपात्रातून तीर्थात. त्यांच्या हॉस्पिटलात जुन्या घरांच्या रंगातलं शिसं पोटात गेलेली पोरं रोज येत, म्हणून त्यांना ते चटकन सुचलं. ते बोलत होते आणि बाबांचा चेहरा उतरत चालला होता. आंबटात शिसं उतरतं, हे बाबांना माहीत होतं. धातू हाच त्यांचा धंदा होता. चिंचेकडे त्यांनी त्या नजरेनं कधी बघितलंच नव्हतं, एवढंच. ती आईची चिंच होती.

आईनं एकच विचारलं. "बाळाला पोचतं का?"

काका खोटं बोलले नाहीत. "पोचू शकतं. पण किती गेलंय ते बघितल्याशिवाय घाबरायचं नाही, वहिनी. उद्या सकाळी तिघंही रक्त द्यायला या. माझंही देतो, आत्ताच तुमचं तीर्थ प्यालोय." शेवटचं ते हसून म्हणाले, पण कुणी हसलं नाही. वांगी तशीच राहिली. काकूंनी ती डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवली आणि आईच्या पाठीवरून हात फिरवत बसून राहिल्या.

रक्त दिलं. त्याचा निकाल लगेच यायचा नव्हता. बाहेरच्या लॅबमध्ये जायचं होतं. ते दिवस मला अजून नको वाटतात. गॅरेजमधलं मशीन बंद झालं आणि त्या घरघरीशिवाय घर बहिरं वाटायला लागलं. बाबांनी बरणी, चाळणी, भुसा, सगळं बांधून दूर केलं, सिंक घासलं, फरशी घासली, पुन्हा घासली. रेला त्यांनी काय ते सांगितलं. त्याला ह्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. जन्मभर तो हेच करत आला होता. त्यानं घरून फावडं आणलं आणि आमच्या ड्राइव्हवेवरचा उरलासुरला बर्फ, जो दोन दिवसांत आपोआप वितळणारच होता, तो सगळा काढून टाकला.

आई बाबांशी बोलेना. अबोला म्हणजे साधासुधा नाही; ताट आदळून वाढायचं, पाणी भिंतीकडे बघून द्यायचं. "मनू, त्यांना विचार अजून भात पाहिजे का," आणि ते समोरच बसलेले. बाबा मुकाट्यानं जेवायचे. एकदा त्यांनी "अगं, माझंच चुकलं, मी हे..." म्हणून सुरुवात केली, तर आई उठून गेली. खरं म्हणजे ती त्यांच्यावर चिडली होती तेवढीच स्वतःवर. एका दुपारी ती माझे केस विंचरायला बसली, जे ती कित्येक वर्षांत विंचरत नव्हती, आणि मागून म्हणाली, "मी देवाच्या पळीनं घेतलं ते. रोज. एक जास्तीची घेतली, बाळासाठी." कंगवा थांबला. "ह्या वेळी गेलं ना मनू, तर मी काही मागणार नाही पुन्हा त्याच्याजवळ." मला रडू फुटलं, आणि मी मराठीत म्हणाले, "नाही जाणार, आई. काही नाही होणार." मला काय कळत होतं? काहीही नाही. पण ते म्हणायला इंग्रजी शब्द सुचलेच नाहीत.

काकांचा फोन आला तेव्हा संध्याकाळचे दिवे लागले होते आणि मी गृहपाठाचं सोंग करत होते. फोन स्वयंपाकघरातल्या भिंतीवर. आईनं उचलला. "हो, बोला... हो." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. बाबा दारात उभे, चौकट धरून. मी वही मिटली. "खरं सांगून राहिले ना?" आई म्हणाली. "मला बरं वाटावं म्हणून नाही ना? ... आणि मनूचं?" आणि ती फ्रिजला पाठ टेकून हळूहळू खाली फरशीवर बसली, फोनची वायर ताणली गेली, आणि तिनं माझ्याकडे बघून मान हलवली. ठीक. दोघींचंही ठीक! तिच्या रक्तात जेवढं कुणाच्याही असतं त्याहून काही फारसं नव्हतं. देवांची भांडी ती उजळल्यावर वाहत्या पाण्याखाली इतकी चोळून चोळून धुवायची की पळीला काही उरलंच नव्हतं. मी धावत जाऊन तिच्या गळ्यात पडले. पुढे त्या उन्हाळ्यात माझा भाऊ झाला, धडधाकट, आणि पहिल्या तासापासून त्यानं जे भोकाड पसरलं ते तीन वर्षं मिटलं नाही. पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आई फरशीवर बसली होती आणि रिसीव्हर वर करून म्हणत होती, "घ्या. तुमच्याशी बोलायचंय त्यांना." तिकडे न बघता, पण तिनं बाबांशी बोललेला तो पहिला शब्द.

बाबांनी ऐकलं. "अस्सं," म्हणाले. "किती? ... बरं. ... बरं." फोन ठेवला आणि ते हसायला लागले. आवरेनाच. शिसं बाबांच्या रक्तात निघालं होतं. खूप नाही, औषध लागण्याइतकं नाही, पण असायला हवं त्यापेक्षा चांगलंच जास्त. चिंचेच्या पाण्यातून नव्हे. ओल्यात निदान धूळ तरी उडत नाही. ते आलं होतं बंद गॅरेजमध्ये कोरडा भुसा चाळताना नाकातोंडात गेलेल्या धुळीतून, आणि त्याच हातानं खाल्लेल्या चिवड्यातून. ते शहाणं, शास्त्रीय, रेनं दिलेलं मशीन! हे कळल्यावर आई फरशीवरून म्हणाली, "म्हणजे माझीच पद्धत बरी होती." डोळे पुसत, नाक ओढत, पण म्हणालीच. आणि आपण बाबांशी बोलत नाही हे आठवून लगेच तोंड फिरवलं.

बाबांनी बाह्या वर केल्या आणि शिरा करायला घेतला. त्यांना शिरा येत नसे. रवा एका बाजूनं करपला, साखर अंदाजपंचे पडली, वेलदोडे सालांसकट. आई बसल्या जागेवरून बघत होती आणि ओठ घट्ट दाबून होती. काका-काकू आमच्याकडे यायला निघालेच होते, सगळं नीट समजावून सांगायला, आणि बाबांना पुन्हा कधी तपासायचं ते ठरवायला. बेल वाजली तेव्हा बाबा ताटली घेऊनच दार उघडायला गेले.

"अरे वा, शिरा!" काका बूट काढत म्हणाले. "कशाबद्दल?"

"माझ्या रक्तात शिसं सापडलं म्हणून," बाबा म्हणाले.

काकांनी मान वर केली. "तुम्हाला नीट कळलंय ना मी फोनवर काय सांगितलं? तुमचं वाढलंय. हसण्यासारखं नाही ते. ते मशीन, ती धूळ, सगळं बंद. महिन्यानं पुन्हा तपासायचं."

"कळलंय, डॉक्टर. सगळं कळलंय." बाबा अजून हसतच होते. "माझं वाढलंय. माझंच वाढलंय ना? हिच्यात नाही सापडलं, पोरीत नाही सापडलं. माझ्यात सापडलं!" आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज फाटला. ताटली कलली आणि शिऱ्याचा एक गोळा गालिच्यावर पडला. बाबांना रडताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. काका तसेच एका पायात बूट घालून उभे राहिले.

आई उठली. भिंतीला धरत दारापाशी आली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ बाबांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "हात धुतले होते का करायच्या आधी?"

"हो. साबणानं. नखांतूनसुद्धा."

"मग आणा इकडे," ती म्हणाली, आणि त्यांच्या हातातून ताटली घेऊन तिथेच उभ्या उभ्या, पाहुण्यांच्याही आधी, तो करपलेला शिरा खायला लागली.